बदकचोच्या डायनासोरच्या पायाचे हाड : ओळखण्यापासून कपाटात ठेवण्यापर्यंत

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेच्या विज्ञानखोलीत एका कपाटात २८ सेंटीमीटर लांबीचा, साडेचार किलोंच्या आसपास वजनाचा आणि जुन्या कौलापेक्षा जरा गडद रंगाचा एक तुकडा ठेवलेला आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने तो साउथ डकोटा राज्यातील एका खाजगी कुरणाच्या मालकाकडून रीतसर विकत घेतला आणि गावी येताना शाळेसाठी आणला. तो एडमाँटोसॉरस या बदकचोच्या डायनासोरच्या मांडीच्या हाडाचा मधला भाग असून त्याचे वय ६.६ ते ६.८ कोटी वर्षांच्या दरम्यान आहे. खोलीत आलेल्या प्रत्येक वर्गाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : हे खरे आहे का, आणि हे आपल्याकडे सापडले का. या दोन्ही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देता यावीत आणि असे हाड आपल्या हातून बिघडू नये, यासाठी काय करावे व काय टाळावे ते पुढे क्रमाने लिहिले आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या शाळांकडे किंवा घरांकडे असा एखादा तुकडा आला असेल, त्यांना तो नजरेसमोर ठेवून हे लिखाण वाचता येईल.

पहिला दिवस : हात न लावण्याचा

हाड घरात आल्याबरोबर ते नळाखाली धरून धुण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो पहिल्या दिवशी कटाक्षाने आवरावा. हाडाला चिकटलेली माती ही घाण नसून, ते कोणत्या थरातून आले याचा तो उरलेला पुरावा असतो. त्या मातीचा चिमूटभर नमुना आधी एका लहान डबीत काढून ठेवावा, डबीवर तारीख घालावी आणि मगच पुढच्या गोष्टींकडे वळावे. हाडाशेजारी पट्टी ठेवून सर्व बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, शक्यतो तिरप्या उन्हात छायाचित्रे काढावीत. तिरप्या उजेडात पृष्ठभागावरील बारीक रेघा आणि भेगा ठळक दिसतात, त्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत.

त्याच दिवशी कागदपत्रांचा विषय मिटवावा. ज्या जमिनीतून हाड निघाले तिचे राज्य, जवळचे गाव, थराचे नाव, काढणाऱ्याचे नाव, वर्ष आणि जमीनमालकाची संमती, एवढी माहिती तरी देणाऱ्याकडून लेखी घ्यावी. अमेरिकेत खाजगी जमिनीतील जीवाश्म मालकाला विकता येतात, पण केंद्र सरकारच्या जमिनीतून पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय काढण्यास २००९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मंगोलियासारख्या देशात तर सर्वच जीवाश्म राष्ट्राच्या मालकीचे मानले जातात. म्हणून “मित्राने दिले” एवढ्यावर समाधान मानू नये. स्थळाची नोंद नसलेले हाड अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ मुके असते, आणि ती नोंद नंतर कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. आमच्या हाडासोबत आलेला खरेदीचा कागद आम्ही पारदर्शक पाकिटात घालून त्याच कपाटात ठेवला आहे आणि त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरी लावली आहे.

हे हाड आहे की नुसताच दगड

बेळगाव परिसरात हाडासारखे दिसणारे दगड मुबलक आहेत, त्यामुळे ही पायरी सावकाश पार करावी. जांभ्याच्या खाणीत नळीसारखे पोकळ, लालसर गोटे निघतात. घटप्रभेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत मुळांभोवती चुना साचून तयार झालेल्या पांढरट कांड्या सापडतात, आणि त्या तर लांबून हुबेहूब बोटाच्या हाडासारख्या वाटतात. दरवर्षी नांगरणीनंतर एखादा पालक अशी कांडी रुमालात बांधून शाळेत घेऊन येतोच.

आकारावर विसंबू नये, तुटलेली कड पाहावी. मटणातील नळी ज्याने एकदा तरी चोखली आहे त्याला हाडाची रचना वेगळी शिकवावी लागत नाही : बाहेर घट्ट कवच, त्याच्या आत जाळीदार भाग आणि मध्ये मगजाची पोकळी. बदकचोच्याच्या पायाच्या हाडातही हीच मांडणी दिसते. फरक इतकाच की मगजाच्या जागी गाळ किंवा कॅल्साइट या चुनखडीच्या खनिजाचे स्फटिक भरलेले असतात. मांसाहारी डायनासोरांच्या पायाच्या हाडांचे कवच पातळ आणि पोकळी मोठी असते. बदकचोच्यांचे कवच मात्र चांगले जाड असते, आणि आमच्या तुकड्यात ते ओल्या नारळाच्या खोबऱ्यापेक्षाही जाड भरते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन तुटलेल्या कडेवर धरले की सुईच्या टोकाने टोचल्यासारखी असंख्य छिद्रे दिसू लागतात. जिवंतपणी त्यांतून रक्तवाहिन्या जात होत्या. चुन्याच्या कांडीत किंवा जांभ्यात ही छिद्रे कधीच दिसत नाहीत. तिथे भोके असली तरी ती वेडीवाकडी, लहानमोठी आणि दिशाहीन असतात. हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, सागाच्या फळीवरील रेषांसारख्या बारीक रेघा असतात, हीदेखील एक चांगली खूण आहे.

हाडाला जीभ लावून पाहण्याची एक जुनी पद्धत सांगितली जाते. हाडातील बारीक छिद्रे ओल शोषतात आणि जीभ किंचित चिकटते, हे खरे आहे. तरीही मुलांना ती कधीच करू देऊ नये. जमिनीतील पाण्यातून काही जीवाश्म हाडांत युरेनियम साचलेले असते, शिवाय आधीच्या मालकाने हाडावर कोणते रसायन चोपडले असेल ते आपल्याला ठाऊक नसते. ओले बोट टेकवले तरी तेवढाच अंदाज येतो.

विकत घेतलेल्या हाडात भर घातलेली नाही ना, हेही याच वेळी पाहावे. बाजारातील तुकड्यांमध्ये मधल्या फटी लांबी (पुट्टी) भरून, वर रंग देऊन बुजवलेल्या असतात. दुकानात नोटा तपासण्यासाठी वापरतात तो जांभळा दिवा अंधाऱ्या खोलीत हाडावर फिरवावा. गोंद आणि लांबी बहुधा निळसर-पांढरी चमकते आणि हाडाहून वेगळी उठून दिसते. आमच्या तुकड्यात एका कडेला करंगळीएवढी भर निघाली. ती आम्ही काढली नाही, फक्त छायाचित्रावर खूण करून नोंदवून ठेवली.

पायातले नेमके कोणते हाड

सगळ्यात मोठी मौज मला याच पायरीत वाटते, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. बदकचोच्याच्या मागच्या पायात वरून खाली मांडीचे हाड, नडगीचे हाड, तिच्या बाजूचे बारीक हाड, घोट्याची लहान हाडे, पावलाची तीन लांब हाडे आणि शेवटी तीन बोटे असा क्रम असतो. बोटांच्या टोकाला नखांऐवजी खुरासारखी पसरट हाडे असतात.

मांडीचे हाड पूर्ण असेल तर ओळखायला अवघड नाही. वरच्या टोकाला आतल्या बाजूस वळलेला गोळा असतो आणि तो कमरेच्या खोबणीत बसतो. या वळणामुळेच डायनासोरचे पाय मगरीसारखे बाजूला न फाकता खांबासारखे अंगाखाली उभे राहत. दांडा जवळजवळ सरळ असतो. खालच्या टोकाला दोन मोठी गाठाळ टोके असून त्यांच्या पुढच्या बाजूने एक खाच जाते. बदकचोच्यांमध्ये या खाचेचे काठ एकमेकांकडे इतके झुकलेले असतात की तिथे जवळजवळ बोगदाच तयार होतो. मोठ्या वाढलेल्या एडमाँटोसॉरसचे हे हाड एक मीटरहून लांब भरते.

परंतु आपल्या हाती पूर्ण हाड क्वचितच येते, बहुधा दांड्याचा तुकडाच येतो. त्या वेळी शोधायची खूण म्हणजे दांड्याच्या मध्याजवळ, मागच्या आणि आतल्या बाजूला उठलेला त्रिकोणी कंगोरा. त्याला चौथा ट्रोकँटर म्हणतात. शेपटीतून येणारा एक दणकट स्नायू या कंगोऱ्याला बांधलेला असे आणि तो आखडला की पाय मागे खेचला जाऊन जनावर पुढे सरके. गाय-म्हशीच्या मांडीच्या हाडावर असा कंगोरा नसतो. घोड्याच्या हाडावर एक उंचवटा असतो, पण तो बाहेरच्या बाजूला असतो. त्यामुळे गावात जुन्या गोठ्याजवळ मिळालेले हाड आणि डायनासोरचे हाड यांत गल्लत होण्याचे कारण नाही. आमच्या तुकड्यावर हा कंगोरा तुटलेला आहे, पण त्याचा सुमारे ९ सेंटीमीटर लांबीचा खडबडीत बुंधा शाबूत आहे. डोळे मिटून हाडावरून तळवा फिरवला की तो डोळ्यांआधी हाताला कळतो, आणि मुलांना मी नेहमी तसाच शोधायला लावतो.

नडगीच्या हाडाला असा कंगोरा मध्यावर नसतो. त्याचे वरचे टोक पुढच्या बाजूला पंख्यासारखे पसरलेले असते आणि खालचे टोक वरच्या टोकाशी जवळपास काटकोनात फिरलेले असते, जणू कोणी ओला टॉवेल धरून अर्धा पिळला आहे. सोबतचे हाड बारीक, काठीसारखे असते. पावलाच्या तीन हाडांपैकी मधले सर्वांत लांब असते, आणि ही हाडे आखूड व जाडजूड असल्यामुळे अनेकदा चुकून बोटाची समजली जातात.

पायाच्या हाडांवरून केवढे निष्कर्ष निघतात याचे एक उदाहरण याच कुळातले आहे. १८५८ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात हॅडनफील्ड येथे विल्यम पार्कर फोक यांच्या पुढाकाराने एका शेतातील खड्ड्यातून मोठ्या जनावराची हाडे बाहेर काढण्यात आली आणि जीवाश्मांचे अभ्यासक जोसेफ लायडी यांनी त्याला हॅड्रोसॉरस फोकी असे नाव दिले. पुढच्या पायाची हाडे मागच्या पायापेक्षा बरीच आखूड आहेत, एवढ्या एका निरीक्षणावरून लायडी यांनी हा प्राणी मागच्या दोन पायांवर उभा राहू शकत असावा असे मांडले, आणि त्या काळी डायनासोर म्हणजे अवाढव्य सरडा अशी समजूत असताना हे मोठेच धाडस होते. १८६८ मध्ये फिलाडेल्फियात त्याचा सांगाडा उभा करण्यात आला आणि जगात डायनासोरचा उभारलेला तो पहिला सांगाडा ठरला. बदकचोचे सावकाश चालताना चारही पायांवर चालत, हे पुढे ठशांवरून कळले.

वजनाचे गणित

नववी-दहावीच्या मुलांसाठी या हाडाचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे परिघावरून जनावराच्या वजनाचा अंदाज काढणे. शिवणकामाची टेप मांडीच्या हाडाच्या दांड्यावर कंगोऱ्याच्या खाली, सर्वांत बारीक जागी गुंडाळावी आणि परिघ मिलिमीटरमध्ये घ्यावा. १९८५ मध्ये अँडरसन, हॉल-मार्टिन आणि रसेल यांनी दोन पायांच्या प्राण्यांसाठी दिलेल्या सूत्रानुसार या परिघाचा २.७३ वा घात काढून त्याला ०.१६ ने गुणले की ग्रॅममध्ये वजन मिळते. आमच्या हाडाचा परिघ २८० मिलिमीटर आहे आणि उत्तर सुमारे ७६७ किलो येते, म्हणजे पाऊण टनाच्या वर. पूर्ण वाढलेला एडमाँटोसॉरस कित्येक टनांचा असे, त्यामुळे हे हाड वाढीच्या वयातील जनावराचे आहे, असा निष्कर्ष मुले आपणहून काढतात.

दोन सावधगिरीच्या सूचना त्यांना त्याच तासाला द्याव्यात. बदकचोचे चारही पायांवरही चालत, पण चार पायांच्या प्राण्यांसाठीच्या सूत्रात दंडाच्या हाडाचा परिघही मिळवावा लागतो आणि तो आपल्याकडे नाही. शिवाय मातीच्या भाराखाली हाड चेपले असेल तर परिघच बदललेला असतो. छेद गोल आहे की लंबगोल, हे म्हणूनच आधी पाहावे.

हाड कापून वय काढता येते का, असा प्रश्न हमखास येतो. येते. झाडाच्या खोडासारखी वाढीची वलये हाडाच्या पातळ छेदात दिसतात. २०१५ मध्ये मायासौरा या बदकचोच्याच्या नडगीची ५० हाडे अशी तपासून त्याच्या वाढीचा संपूर्ण आलेख मांडण्यात आला. पण ते काम प्रयोगशाळेचे आहे, आणि शाळेकडे असलेला एकुलता एक तुकडा गवंड्याच्या कटरखाली घालू नये.

सफाई

सफाई कोरडीच करावी. दाढीचा मऊ ब्रश, फुंकर मारायचा रबरी फुगा आणि अगरबत्तीची काडी तिरकी कापून केलेले टोक, एवढ्या साहित्यात नव्वद टक्के काम होते. लोखंडी सुई, चाकू किंवा तारेचा ब्रश वापरू नये, कारण हाडातील अपॅटाइट हे खनिज लोखंडी अवजारापेक्षा मऊ असते आणि पडलेला ओरखडा कायमचा राहतो. तोंडाला मास्क असावा, कारण जीवाश्माची धूळ फुप्फुसांना चांगली नाही.

पाण्याबद्दल मला माझाच अनुभव सांगावा लागेल. हाडासोबत आलेला अंगठ्याएवढा एक सुटा तुकडा माती सैल व्हावी म्हणून मी रात्रभर वाटीत भिजत घातला होता, आणि सकाळी वाटीत एका तुकड्याऐवजी तीन पापुद्रे आणि थोडा चिखल होता. भेगांत शिरलेली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पाचर ठोकल्यासारखे हाड आतून फोडते, हे मला वाचून माहीत होते. तरी ती वाटी मीच भरली होती. त्यानंतर कुठे ओल लागलीच तर मी निम्मे पाणी आणि निम्मे स्पिरिट यांत बुडवून पिळलेला कापसाचा बोळा एखाद्या लहानशा, न दिसणाऱ्या जागी आधी लावून पाहतो, दोन तास थांबतो आणि मगच पुढे जातो.

लिंबू, व्हिनेगर, चिंचेचे पाणी किंवा फरशी धुण्याचे ॲसिड यांपैकी काहीही हाडाजवळ आणू नये. तांब्याचा घडा चिंचेने लख्ख होतो म्हणून हाडही होईल, असे नसते. आम्ल चुना विरघळवते तसे हाडही विरघळवते.

ठिसूळ हाड घट्ट करणे आणि सांधणे

या कामात एकच कसोटी लावावी : आपण आज जे लावतो आहोत ते उद्या दुसऱ्या कोणाला हाडाला इजा न करता काढता आले पाहिजे. झटपट चिकटवणारा डिंक, पांढरा सुतारी गोंद, नळ जोडण्याची लांबी आणि वॉर्निश ही सर्व या कसोटीवर नापास होतात. संग्रहालयांत यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचे ॲक्रिलिक राळेचे दाणे वापरतात. ते ॲसिटोनमध्ये विरघळतात, वाळल्यावर पिवळे पडत नाहीत, आणि पुन्हा ॲसिटोन लावले की निघून येतात.

भुसभुशीत भाग घट्ट करण्यासाठी १०० मिलिलिटर ॲसिटोनला ५ ग्रॅम दाणे असे पातळ द्रावण करावे. दाणे थेट टाकले तर तळाशी गोळा होऊन बसतात, म्हणून ते मलमलीच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत दोऱ्याने लटकवावेत आणि झाकण लावून रात्रभर तसेच ठेवावेत. सकाळपर्यंत पुरचुंडी रिकामी झालेली असते. प्लॅस्टिकचा किंवा थर्माकोलचा पेला चालणार नाही, ॲसिटोनमध्ये तो विरघळून जातो. नखांचा रंग काढण्याच्या बाटलीतील द्रवात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात, त्यामुळे तो न वापरता शुद्ध ॲसिटोन रसायनांच्या दुकानातून आणावे. ॲसिटोन फार चटकन पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास शेगडी किंवा उदबत्ती नसावी, आणि हे काम शिक्षकांनीच करावे, मुलांनी पाहावे.

द्रावण ब्रशाने थेंब थेंब सोडावे आणि हाड ते पिऊ द्यावे. पृष्ठभाग चमकू लागला की द्रावण जास्त झाले असे समजून ॲसिटोनच्या बोळ्याने टिपून घ्यावे. वेळ निवडण्याला आपल्या भागात विशेष महत्त्व आहे. ॲसिटोन उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर दव धरून पांढरी साय येते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींनाही पाझर फुटतो. तेव्हा हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, दुपारी करावे. आमचे पहिले द्रावण आम्ही ऑगस्टमध्ये वापरले आणि हाड पीठ लावल्यासारखे दिसू लागले. डिसेंबरमध्ये ॲसिटोनने ते पुन्हा साफ करता आले, ते केवळ निवडलेली राळ काढता येण्याजोगी होती म्हणूनच.

तुकडे सांधण्यासाठी हेच दाणे निम्म्याला निम्मे घेऊन मधासारखे दाट करावे. आधी दोन्ही कडांना पातळ द्रावणाचा एक हात द्यावा, मग दाट राळ लावून तुकडे जुळवावेत आणि सांधा आडवा राहील अशा बेताने हाड परातीतल्या कोरड्या वाळूत उभे खोचावे, म्हणजे वरच्या तुकड्याचे वजनच सांधा दाबून धरते. चोवीस तास त्याला हात लावू नये. जुळत नसलेला तुकडा घासून जुळवणे हा अक्षम्य गुन्हा समजावा. तो दुसरीकडचा असू शकतो.

प्रतिकृती

खरे हाड दोनशे मुलांच्या हातांतून फिरवता येत नाही, पण हाताळल्याशिवाय मुलांना समजतही नाही. यावर प्रतिकृती हाच उपाय आहे, आणि बेळगाव भागात ती करण्यासाठी लांब जावे लागत नाही. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिरांना रबरी साचा आणि प्लास्टरचे ओतकाम वर्षानुवर्षे हातवळणी पडलेले असते. मात्र ते दिवाळीनंतरच मोकळे असतात. श्रावणात विचारायला गेलात तर चहा मिळेल, साचा मिळणार नाही.

कारागिराला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. एक, मूर्तीला लावतात तसे साबणाचे पाणी, तेल किंवा ग्रीस या हाडाला लावायचे नाही, कारण हाड ते शोषून घेते आणि डाग कायमचा राहतो. त्याऐवजी संपूर्ण हाडावर आधी पातळ राळेचा हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. दोन, दोन्ही टोकांचा जाळीदार भाग ओल्या टिश्यू पेपरने बुजवून घ्यावा, नाहीतर सिलिकॉन रबर त्या छिद्रांत शिरून बसते आणि साचा ओढताना हाडाचे कण सोबत घेऊन येते. साचा दोन भागांत करावा आणि त्याची कड चौथ्या ट्रोकँटरवरून जाऊ देऊ नये, म्हणजे ओळखीची तीच खूण जोडाच्या रेघेखाली झाकली जात नाही. ओतलेल्या प्लास्टरच्या आत, न पुसता येईल असे, “प्रतिकृती” हा शब्द आणि वर्ष कोरून घ्यावे. पुढच्या पिढीतील कोणी ती खरी म्हणून विकायला काढू नये, एवढाच हेतू.

पाटी आणि तिच्यावर लिहायचे खरे

हाडावर क्रमांक घालताना आधी टोकाजवळ राळेचा नखाएवढा ठिपका द्यावा, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा आणि वर पुन्हा एक हात द्यावा. शाई थेट हाडात उतरू देऊ नये. हाच क्रमांक नोंदवहीत, छायाचित्रांवर आणि मातीच्या डबीवर असावा. कपाटावरील पाटी आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावली आहे. बघायला येणारी मुले दोन्ही भाषांतली आहेत, आणि साउथ डकोटाच्या जनावराला सीमाप्रश्नाशी काही देणेघेणे नाही.

पाटीवर “हे हाड आपल्या भागातील नाही” हे वाक्य ठळक असावे, कारण मुलांचा दुसरा प्रश्न तोच आहे आणि त्याचे उत्तर लपवण्यासारखे नाही. भारतातील खडकांतून बदकचोच्यांची हाडे नोंदली गेलेली नाहीत. त्या काळात आपला भूखंड बाकीच्यांपासून तुटून समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. आपल्याकडची हाडे आहेत ती लांब मानेच्या टायटॅनोसॉरांची आणि राजासॉरससारख्या मांसाहाऱ्यांची : जबलपूरची, गुजरातेतील राहिओलीची, चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव आणि पिसदुऱ्याची. बेळगाव परिसरातील खडकांचा बराचसा भाग डायनासोरांच्या कामाचा नाही. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो तो डायनासोरांच्या कितीतरी आधीचा आहे, आणि काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाव्ह्याच्या थरांखाली किंवा दोन थरांच्या मध्ये साचलेला गाळच काय तो पाहण्यासारखा असतो.

तरीही या भागातील मुलांनी खट्टू होऊ नये, कारण जीवाश्मांच्या इतिहासात आपले नाव वेगळ्या जनावरामुळे लागलेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना गोकाकजवळच्या एका ओढ्याच्या काठी गेंड्याची हाडे मिळाली आणि १८७४ मध्ये त्यांनी त्या गेंड्याला ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस असे नाव दिले. म्हणजे घटप्रभेच्या खोऱ्यात कधीकाळी गेंडे चरत होते. ओढ्याच्या ढासळलेल्या काठात, चुन्याच्या खड्यांच्या थरात एखाद्याला वर सांगितलेल्या छिद्रांचा तुकडा दिसला, तर तो उपसून आणू नये. जागेवरच पट्टी ठेवून छायाचित्र काढावे, मोबाइलवर ठिकाण नोंदवावे, काठाच्या माथ्यापासून किती खोल आहे ते मोजावे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवावे.

कपाट आणि पावसाळा

हाड कापसावर ठेवू नये, तंतू कडांत अडकतात. वर्तमानपत्रातही गुंडाळू नये, त्या कागदातील आम्ल कालांतराने बाहेर येते. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातून येणारा पांढरा, लवचीक फोम हाडाच्या आकाराचा कोरून त्यात ते बसवावे, म्हणजे वजन एकाच टोकावर येत नाही. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते ओलावले की लगेच कळते, आणि मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवून ते पुन्हा वापरता येतात.

काही हाडांच्या छिद्रांत पायराइट हे चमकदार खनिज असते. दमट हवेत ते ऑक्सिजनशी संयोग पावून गंधकाम्ल तयार करते आणि हाड आतून फुटू लागते. डब्याखालचा कागद तपकिरी होऊन करपल्यासारखा दिसणे, पांढरी-पिवळी भुकटी पडणे आणि झाकण उघडताच गंधकाचा वास येणे, या त्याच्या खुणा आहेत. असे दिसल्यास ते हाड ताबडतोब इतर नमुन्यांपासून वेगळे करून कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवावे आणि सिलिका जेल दुप्पट घालावे. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहील याची काळजी घेतली की हा रोग सहसा सुरूच होत नाही. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ कपाटात लावून त्याचा आकडा दर सोमवारी वहीत लिहिण्याचे काम आम्ही सातवीच्या मुलांकडे दिले आहे.

वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी करावी लागते आणि आम्ही त्यासाठी खंडेनवमीचा दिवस धरला आहे, कारण त्या दिवशी विज्ञानखोलीतील तराजू, सूक्ष्मदर्शक आणि सुताराची अवजारे पूजेसाठी बाहेर निघतातच. पहिल्याच वर्षी एका मुलीने सगळ्यांबरोबर हाडालाही मनोभावे हळदकुंकू वाहिले, आणि ते कुंकू कंगोऱ्याच्या बुंध्यातील छिद्रांत जे शिरले ते अगरबत्तीच्या काडीने दोन दुपारी कोरूनही पूर्ण निघाले नाही. तेव्हापासून पूजेच्या पाटावर प्रतिकृती मांडतो आणि खरे हाड शेजारी, झाकण लावून ठेवतो.